तराफा तरला, पण सिद्ध काय झाले?

शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक असलेच, तर ते साहसकथांच्या कपाटात असते. थॉर हेयरडाल या नॉर्वेजियन लेखकाचे 'कॉन-टिकी' १९४८ साली नॉर्वेत प्रसिद्ध झाले, दोन वर्षांनी इंग्रजीत आले आणि पुढे जगातल्या कितीतरी भाषांत गेले. सहा मित्रांनी नऊ ओंडके दोरांनी एकत्र बांधले, वर बांबूची खोपी उभारली, शीड लावले आणि पेरू देशाच्या किनाऱ्यावरून निघून १०१ दिवसांनी ते पॅसिफिक महासागरातील एका प्रवाळबेटाला जाऊन धडकले, अशी ही गोष्ट. विज्ञानाविषयीच्या भाषणांत हिचा दाखला पुष्कळदा दिला जातो, आणि तो असा: 'तज्ज्ञांनी हेयरडालला वेड्यात काढले, त्याने समुद्रात उतरून सगळ्यांना खोटे पाडले.' हा दाखला निम्मा खरा आहे. म्हणूनच तो वर्गात सांगण्याआधी पुस्तक पुन्हा एकदा नीट वाचावे, असे आम्हांला वाटते. कोणते निम्मे खरे आणि कोणते नाही, हे शोधताना विज्ञानाच्या पद्धतीविषयी जितके शिकायला मिळते, तितके एखाद्या स्वतंत्र पाठातही मिळणार नाही.

हेयरडाल १९१४ साली जन्मला. ऑस्लो विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र आणि भूगोल यांचा अभ्यास केला. १९३७ साली तो पत्नीसह पॅसिफिकमधील मार्केझास द्वीपसमूहातल्या फातू हिवा या बेटावर जाऊन राहिला. तेथे दोन गोष्टी त्याच्या मनात घर करून राहिल्या. एक म्हणजे वारा आणि लाटा, दोन्ही कायम पूर्वेकडून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दिशेने येत. दुसरी म्हणजे बेटावरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलेली टिकी नावाच्या पूर्वजाची कथा. पेरूच्या दंतकथांमध्ये कॉन-टिकी नावाचा एक सूर्यदेव आहे आणि तो समुद्रावरून पश्चिमेकडे निघून गेला, अशी समजूत आहे. हेयरडालने दोन्हींची सांगड घातली आणि मांडणी केली, की पॉलिनेशियाच्या बेटांवर पहिली वस्ती आशियातून आलेल्यांची नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांची आहे.

पुस्तकातला एक प्रसंग शिक्षकांनी मुद्दाम वाचून दाखवावा असा आहे. हेयरडाल आपले हस्तलिखित घेऊन न्यूयॉर्कमधल्या एका वयोवृद्ध संग्रहालय-शास्त्रज्ञाकडे जातो. ते हस्तलिखित वाचायलाच तयार नसतात. त्यांचे म्हणणे असे, की दक्षिण अमेरिकेतल्या लोकांकडे बोटी नव्हत्या, मग ते बेटांवर जाणार कसे? बाल्सा लाकडाचे तराफे होते, असे हेयरडाल सांगतो. मग तराफ्यावरून जाऊन बघा, असे ते हसून म्हणतात. पुढचे सगळे पुस्तक या टोमण्याचे उत्तर आहे. हस्तलिखित न वाचता मत देणे वाईटच, आणि हेयरडालचा संताप आपल्याला पटतो. पण प्रश्न कुठल्या कुठे गेला हे पाहा. 'पॉलिनेशियन लोक कोठून आले?' हा मूळ प्रश्न होता. तो या संभाषणात नकळत 'तराफा तरेल का?' असा झाला. पुस्तक संपेपर्यंत वाचकाला हा बदल जाणवत नाही. लेखकाच्या शैलीचे ते यश आहे, आणि आमची मुख्य तक्रारही तीच आहे.

ते सहाजण कोण होते? हेयरडालला लहानपणापासून पाण्याची भीती. बुडता बुडता वाचलेला. एरिक हेसेलबर्ग हा चित्रकार, आणि सहाजणांत समुद्राची व दिशाशोधनाची माहिती असलेला तेवढाच. हर्मन वॅट्झिंगर अभियंता. क्नुट हाउगलँड आणि टोरस्टाइन रॉबी हे दोघे दुसऱ्या महायुद्धात गुप्त रेडिओ चालवलेले. हाउगलँड तर नाझींचा जड पाण्याचा कारखाना उडवणाऱ्या तुकडीत होता. सहावा बेंग्ट डॅनियलसन, स्वीडनचा समाजशास्त्रज्ञ. आपल्या कोकणातल्या एखाद्या तांडेलाने ही यादी पाहिली असती तर यांना खाडीसुद्धा ओलांडू दिली नसती.

तराफा बांधण्याचे प्रकरण पुस्तकात सर्वांत चांगले उतरले आहे. इक्वाडोरच्या जंगलात बाल्साची झाडे तोडली, ओंडके नदीतून खाली आणले आणि जहाजाने पेरूतील कायाओ बंदरात नेले. तेथे नऊ मोठे ओंडके शेजारी शेजारी मांडले. सर्वांत लांब ओंडका मधोमध, तो जवळजवळ १४ मीटरांचा. दोन्ही बाजूंना लांबी कमी कमी होत गेलेली. जाडी सुमारे ६० सेंटिमीटर. त्यांवर आडवे पातळ ओंडके, मग बांबूचा पाट, वर केळीच्या पानांनी शाकारलेली खोपी. डोलकाठी तिवराच्या लाकडाची, दोन वासे वर एकत्र बांधून केलेली. मागे सुकाणूचे लांबलचक वल्हे. खिळा नाही, तार नाही. सगळी बांधणी वाखाच्या दोरांची. बंदरातल्या जाणत्या लोकांनी दोन इशारे दिले. बाल्सा पाणी पिऊन बुडेल, आणि ओंडके एकमेकांवर घासून दोर दोन आठवड्यांत तुटतील.

दोन्ही इशारे वेडेपणाचे नव्हते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. वाळलेला बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. त्याची घनता पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी. इतके हलके, याचा अर्थ त्यात पोकळी फार, आणि पोकळी फार म्हणजे पाणी शिरायला जागा फार. बूच नव्हे तर स्पंजच म्हणा. दोरांचे म्हणाल तर कठीण लाकडाच्या दोन ओंडक्यांमध्ये तो खरोखरच करवतला गेला असता. मग इशारे खोटे का ठरले? दोर वाचले, कारण बाल्सा मऊ आहे. दोर हळूहळू लाकडात रुतत गेले आणि त्यांनी स्वतःसाठी खोबण करून घेतली. घासला जाणारा भाग दोर नसून लाकूड ठरले. साखळदंड वापरला असता तर त्याने ओंडकेच कापून काढले असते. ओंडके वाचले, कारण ते ओले होते. ताज्या तोडलेल्या झाडातला रस आतल्या पोकळ्या भरून होता. समुद्राच्या पाण्याला सहज आत शिरता येईना. सुके, हलके, दिसायला उत्तम असे ओंडके निवडले असते तर कदाचित तज्ज्ञांचे म्हणणे खरे झाले असते.

येथे पुस्तकात एक छोटीशी हकीकत येते. प्रवास सुरू झाल्यावर हेयरडाल कोणाचे लक्ष नाही असे पाहून ओंडक्याचा भिजलेला एक तुकडा मोडतो आणि पाण्यात टाकतो. तुकडा बुडतो. पुढे त्याच्या लक्षात येते, की सोबत्यांपैकीही दोघातिघांनी गुपचूप हाच प्रयोग केला आहे. सगळेच घाबरलेले, आणि बोलत कोणीच नाही. मग ते ओंडक्यात सुरी खुपसून पाहतात, तेव्हा कळते की पाणी इंचभरच आत मुरले आहे.

ही हकीकत नववी-दहावीच्या वर्गात निम्म्यावर थांबवावी आणि विचारावे, की बुडालेल्या तुकड्यावरून काय ठरते? तुकडा आला बाहेरच्या, म्हणजे सर्वांत भिजलेल्या भागातून. तो ओंडक्याचा नमुना नव्हेच. बाहेरचा इंचभर थर म्हणजे ६० सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याचा केवढा भाग? त्रिज्या ३० सेंटिमीटर, कोरडा गाभा २७.५ सेंटिमीटर त्रिज्येचा. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर सुमारे ८४ टक्के गाभा अजून पाण्यापासून वाचलेला आहे. पुढे हेयरडाल आणखी एक हिशोब करतो: याच वेगाने पाणी मुरत गेले तर जमीन दिसायच्या सुमारास तराफा पाण्याच्या पातळीच्या जरासा खाली गेलेला असेल. हिशोब बरोबर, गृहीतक चुकीचे. पाणी मुरण्याचा वेग एकसारखा राहत नाही. जितके आत जावे तितका तो मंदावतो. ढोबळपणे, दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रकारे आलेख काढून पाहावा. हेयरडालला ही शंका आली होती. आतला रस पाण्याला अडवील अशी आशा त्याने बोलून दाखवली आहे. शंका, नमुना, अंदाज आणि त्याची तपासणी अशी ही दोन पाने पुस्तकातली अस्सल विज्ञानाची पाने आहेत, आणि त्यांचा पॉलिनेशियाशी काही संबंध नाही.

तराफा किती भार वाहू शकेल, तेही काढता येते. ओंडक्यांची सरासरी लांबी ११ मीटर धरली तर नऊ ओंडक्यांचे घनफळ २८ घनमीटर होते. वाकडेतिकडेपणासाठी थोडे कमी करून २५ घेऊ. ओल्या आणि काहीशा भिजलेल्या लाकडाची घनता पाण्याच्या ०.७ पट धरली, तर उरलेले ०.३ गुणिले २५, म्हणजे साडेसात टन वजन पूर्ण बुडण्यापूर्वी वर ठेवता येते. त्यांच्याजवळ पिण्याचे पाणीच टनभर होते. शिवाय शिधा, रेडिओची यंत्रे, खोपी, शीड आणि सहा माणसे. घनता ०.७ ऐवजी ०.९ झाली की हाच आकडा अडीच टनांवर येतो. बंदरातले लोक उगाच काळजीत नव्हते.

लाटांचे कोडेही असेच. बोटीत पाणी आले की उपसावे लागते. न उपसले तर बोट बुडते. तराफ्यावर मोठी लाट चढली की तिचे पाणी ओंडक्यांमधल्या फटींतून खाली जाई. रोवळीत तांदूळ धुताना पाणी जसे निथळते, तसे. ज्याला बूडच नाही त्याच्यात पाणी साठणार कोठे? बोट तरते ती आतल्या हवेमुळे, तराफा तरतो तो स्वतःच्या लाकडामुळे. आपल्याकडे पोहायला शिकणारी मुले वाळक्या भोपळ्यांची सांगड आणि केळीच्या खुंटांचा तराफा वापरत. एकात कोंडलेली हवा, दुसऱ्यात सच्छिद्र खोड. दोन्ही तत्त्वे आपल्या विहिरीवरच होती.

प्रवासाचा वेग मात्र विद्यार्थ्यांना निराश करील. २८ एप्रिल १९४७ रोजी निघून ७ ऑगस्टला तराफा तुआमोतू द्वीपसमूहातल्या रारोइआ या प्रवाळबेटाच्या खडकांवर आदळला. अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर. दिवसाला ६८, ताशी तीन किलोमीटरांहूनही कमी. रमतगमत चालणारा माणूस याहून पुढे जाईल. परंतु प्रवाह आणि वारा रात्री झोपत नाहीत. याच संथपणामुळे समुद्रातले जीव तराफ्याभोवती जमले. रात्री उडणारे मासे आपण होऊन पाटावर येऊन पडत आणि सकाळी आचारी ते गोळा करी. एके रात्री सापासारखा लांबट, मोठ्या डोळ्यांचा आणि तीक्ष्ण दातांचा एक खोल पाण्यातला मासा वर आला. तोवर तो प्रामुख्याने वाहून आलेल्या सांगाड्यांवरूनच ठाऊक होता. देवमुशी, म्हणजे सर्वांत मोठा मासा, तराफ्याखालून आरपार गेला. ही वर्णने आजही ताजी वाटतात. यंत्राचा आवाज नाही, पाण्यापासून उंची हातभर. समुद्रशास्त्रज्ञांच्या मोठ्या जहाजांना जे दिसत नव्हते, ते या सहाजणांना जेवताना दिसत होते.

एका उताऱ्याबाबत मात्र शिक्षकांनी सावध राहावे. उकाड्याच्या दिवसांत पिण्याच्या पाण्यात २० ते ४० टक्के समुद्राचे पाणी मिसळून प्यायलो तरी त्रास झाला नाही, असे हेयरडाल लिहितो. हिशोब करून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे मिश्रणात लिटरला ७ ते १४ ग्रॅम. आपल्या शरीरातील द्रवांची क्षारता साधारण ९ ग्रॅमच्या आसपास. घामावाटे मीठ गेलेल्या माणसाला असे थोडे मिश्रण लगेच घातक ठरत नाही, याला कारण उरलेले ६० ते ८० टक्के गोडे पाणी आहे. ते संपले की मूत्रपिंडांना नुसत्या समुद्राच्या पाण्यातले मीठ बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्चावे लागते, आणि तहान भागण्याऐवजी वाढते. पुस्तकातले वाक्य मुलांच्या लक्षात राहील, त्यामागची अट राहणार नाही. किनाऱ्यावरच्या शाळांत तरी हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

आता निम्म्या खोट्या भागाकडे वळू.

प्रवासाने काय सिद्ध झाले? बाल्साचा तराफा दक्षिण अमेरिकेतून पॉलिनेशियापर्यंत तरून जाऊ शकतो, एवढे नक्की सिद्ध झाले. त्यावरही काही आक्षेप घेतले गेले. बंदरातून बाहेर पडताना पेरूच्या नौदलाच्या जहाजाने तराफा सुमारे ८० किलोमीटर ओढत नेला होता, म्हणजे किनाऱ्यालगतच्या अवघड पट्ट्याची परीक्षा झालीच नाही. डबाबंद शिधा, रेडिओ आणि कोनमापक यंत्रही बरोबर होते. हे आक्षेप आम्हांला किरकोळ वाटतात. पुढे इतरांनीही असे तराफे पॅसिफिकमध्ये नेले. १९७३ साली तर तीन तराफे इक्वाडोरहून थेट ऑस्ट्रेलियाला पोचले. प्रयोग पुन्हा करता येतो हे ठरले. शिवाय १५२६ साली स्पॅनिश खलाशांना इक्वाडोरजवळ सुती शिडांचा, मालाने भरलेला तराफा भेटला होता, याची नोंद आहे. तेव्हा तिकडच्या लोकांना समुद्रप्रवास ठाऊक नव्हता, हे न्यूयॉर्कच्या त्या शास्त्रज्ञांचे मत चुकीचेच होते.

पण 'होऊ शकते' आणि 'झाले होते' ही दोन वेगळी विधाने आहेत. पुण्याहून माणूस चालत काशीला जाऊ शकतो, हे चालून दाखवता येईल. काशीचे लोक पुण्याहून आले, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला काशीत जाऊन लोकांची भाषा, भांडी, पिके, दफने आणि वंशावळी पाहाव्या लागतील. पॉलिनेशियाच्या बाबतीत हा पुरावा हेयरडालच्या काळातही थोडाथोडका नव्हता. हवाईपासून न्यूझीलंडपर्यंतच्या भाषा एकाच कुळातल्या, आणि त्या कुळाचे नातेवाईक फिलिपाइन्स, तैवान व इंडोनेशियात. डुक्कर, कोंबडी, नीरफणस हे सगळे पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आलेले. पुढे उत्खननांत लापिता नावाची नक्षीदार मातीची भांडी मिळत गेली आणि सुमारे ३,००० वर्षांपूर्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेलेल्या वस्तीचा माग लागला. पूर्वेकडून आलेले ठळक पीक एकच, आणि ते म्हणजे रताळे. पॉलिनेशियन भाषांतले त्याचे 'कुमारा' हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका नावाशी जुळते. (आपण एकादशीला खातो ते रताळेही मूळचे अमेरिकेचेच.) हेयरडाल रताळ्याला घट्ट धरून बसला आणि डुकरे, कोंबड्या, भाषा यांच्याकडे त्याने काणाडोळा केला. आपल्या बाजूचा पुरावा मोजणे आणि विरुद्ध बाजूचा न मोजणे, हा दोष पुस्तकात आरंभापासून आहे.

याहून गंभीर बाब पुस्तकात अगदी सहजपणे येते. हेयरडालच्या मते कॉन-टिकी आणि त्याचे सोबती गोरे, दाढीवाले होते. पेरूतली भव्य दगडी बांधकामे त्यांनीच स्थानिक लोकांना शिकवली आणि मग ते बेटांवर गेले. स्पॅनिश विजेत्यांनी लिहून ठेवलेल्या कथांखेरीज याला आधार नाही, आणि त्या कथा गोऱ्या विजेत्यांना सोयीच्याच होत्या. या मांडणीत पेरूच्या लोकांचे श्रेय जाते आणि पॉलिनेशियन लोकांचेही जाते. जगातल्या सर्वांत मोठ्या महासागरावर विखुरलेली चिमुकली बेटे ज्यांनी शोधून काढली, ते या पुस्तकात प्रवाहाबरोबर वाहत येतात. रारोइआच्या लोकांनी या सहाजणांचे प्रेमाने स्वागत केले, मेजवान्या दिल्या. पण त्यांच्या वाट्याला पुस्तकात नाचगाण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही. तुम्ही होड्या कशा बांधता, ताऱ्यांवरून बेट कसे शोधता, हे त्यांना कोणी विचारत नाही. मुलांच्या हाती पुस्तक देताना ही बाब न सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही.

ते विचारणारा दुसरा प्रयोग १९७६ साली झाला. हवाईत होकुलेआ नावाची जोडहोडी बांधण्यात आली: दोन होड्या, मध्ये पाट, दोन शिडे. सातावाल या लहानशा बेटावरचे माउ पियाइलुग हे पारंपरिक वाटाड्ये तिच्यावर होते. होकायंत्र नाही, कोनमापक नाही. तारे कोठे उगवतात व मावळतात, लाटांची उसळी कोणत्या दिशेची आहे, पक्षी संध्याकाळी कोणीकडे परततात, यांवरून त्यांनी चार हजार किलोमीटरांहून दूर असलेले ताहिती गाठले. या होडीचा गुण असा, की ती काही प्रमाणात वाऱ्याच्या विरोधातही सरकते. वारा कायम पूर्वेकडून असेल तर पूर्वेकडे जाता येणार नाही, हे हेयरडालचे मूळ गृहीतकच डळमळले. गंमत म्हणजे त्याच्या तराफ्यालाही ते करता आले असते. ओंडक्यांच्या फटींतून पाण्यात खाली सोडायच्या फळ्या जुन्या तराफ्यांवर असत. त्या वरखाली करून तराफा वळवता येतो. कॉन-टिकीवर त्या फळ्या होत्या, पण वापरायच्या कशा हे कोणालाच नीट कळले नव्हते. १९५३ मध्ये हेयरडालने इक्वाडोरच्या किनाऱ्याजवळ पुन्हा प्रयोग केले आणि ते तंत्र शोधून काढले. हा प्रयोग मूळ प्रवासाहून लहान आणि कमी नाट्यमय, परंतु ज्ञानाच्या दृष्टीने आम्ही त्याला जास्त गुण देऊ.

कथेला आणखी एक वळण आहे. २०२० साली 'नेचर' या नियतकालिकात पॉलिनेशियातील १७ बेटांच्या आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या १५ मूलनिवासी गटांच्या ८०७ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्व पॉलिनेशियाच्या काही बेटांवरील लोकांत दक्षिण अमेरिकेतील, विशेषतः आजच्या कोलंबियातल्या लोकांशी जुळणारा अल्पसा वारसा आढळला. ही भेट इ.स. १२०० च्या सुमारास झाली असावी. सर्वांत जुनी खूण, सुमारे ११५० ची, मिळाली ती फातू हिवावर. म्हणजे तरुण हेयरडाल जेथे बसून लाटा मोजत होता, नेमके तेथे! २०२४ मध्ये ईस्टर बेटावरच्या १५ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांतही सुमारे दहावा हिस्सा अमेरिकन वारशाचा निघाला. मग हेयरडाल बरोबर होता का? संपर्क झाला होता, इतपत बरोबर. बेटांवरची वस्ती अमेरिकेतून आली, हे चूक. मुख्य वारसा आशियाच्या बाजूचाच आहे. आणि कोण कोणाकडे गेले, हे जनुके सांगत नाहीत. तराफा पश्चिमेकडे वाहत आला असेल, किंवा वाऱ्याविरुद्ध जाणारी पॉलिनेशियन जोडहोडी पूर्वेकडे जाऊन परत आली असेल. होकुलेआनंतर दुसरी शक्यता आम्हांला अधिक वजनदार वाटते.

चित्रपटांविषयी थोडक्यात. हेयरडालच्या प्रवासातच चित्रित केलेल्या अनुबोधपटाला १९५१ सालचे ऑस्कर मिळाले. चित्रण हौशी, हलणारे आणि प्रामाणिक आहे. २०१२ चा नॉर्वेजियन कथापट दिसायला देखणा, पण वर्गासाठी निरुपयोगी. त्यात वॅट्झिंगर हा भित्रा, स्थूल आणि तराफ्यावर विश्वास नसलेला दाखवला आहे. दोरांऐवजी तार वापरा म्हणून तो गयावया करतो. खरा वॅट्झिंगर धडधाकट आणि शांत डोक्याचा होता आणि प्रवासात हवामानाची व समुद्राची मोजमापे घेत होता. नाट्यासाठी मोजमापे घेणाराच भित्रा ठरवावा, हे आम्हांला खटकले.

आपल्याकडेही असे प्रयोग झाले आहेत. अजिंठ्याच्या एका चित्रातील जहाजाच्या आधाराने, फळ्या काथ्याने शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात तयार झाले आणि २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले. त्याविषयी वर्गात बोलतानाही हाच चाळणीचा प्रश्न घ्यावा: जहाज तरले यावरून बांधणीविषयी काय कळते, आणि ते कोठवर गेले असेल यासाठी कोणता वेगळा पुरावा लागेल? मालवणच्या बाजूला होडीला उलांडी लावतात, तशीच उलांडी पॉलिनेशियातही असते. हे साम्य कशामुळे, असे विद्यार्थी विचारतीलच; त्यांना उत्तर देण्याऐवजी कोणकोणते पुरावे गोळा करावे लागतील, त्यांची यादी करायला लावावी. प्रत्यक्ष करून पाहायचे तर पांगाऱ्याच्या ओल्या आणि वाळलेल्या लाकडाचे सारख्या मापाचे ठोकळे मिठाच्या पाण्यात ठेवून महिनाभर रोज वजन करता येईल. काही ठोकळ्यांची टोके मेणाने बंद करावीत, काहींची उघडी ठेवावीत.

सहाजणांपैकी बेंग्ट डॅनियलसन पुढे रारोइआला परत गेला. पत्नीसह तेथे राहून त्याने बेटावरचे लोक काय पिकवतात, कसे मासे धरतात, खोबरे कसे विकतात, कोणाचे कोणाशी काय नाते आहे, याच्या नोंदी केल्या. त्यावरचा त्याचा प्रबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकही वादळ नाही. 'कॉन-टिकी' वाचून झालेल्या शिक्षकाला रारोइआच्या माणसांची खरी ओळख हवी असेल, तर ती तेथे आहे.